अक्कलहुशारीने

पहिला वकील रोशनच्या ओळखीचा.
त्याने सगळं रोशनला विचारलं,
मला फक्त पाणी विचारलं.

दुसरा ठाण्याला, कोर्टाबाहेर, छत्रीखाली टाइपरायटर मांडून.
"आजी, नावं सांगा, दहा मिनिटांत देतो,
मजकूर तयारच असतो."
मजकूर तयार असतो हे मला ठाऊक होतं.
म्हणून तर उठले.

तिसरी बेलापूरला, झेरॉक्सच्या दुकानावर.
जिन्यात दोनदा थांबावं लागतं.
आडनाव तांडेल. म्हटलं, चला,
ही होडी तरी बुडवणार नाही.
तिने आधी रोशनला खाली धाडलं,
"चहा घ्या. दोन घ्या. वेळ लागेल."
मग वही उघडली.
"मावशी, काय काय आहे तुमचं?
घरातलं नाही. तुमचं."

एकोणसत्तर वर्षांत असं तोडून
कुणी विचारलं नव्हतं.

घणसोलीत एक खोली,
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बिल्डरने दिलेल्या तिनांतली.
माझ्या नावावर, कारण त्या दिवशी
ह्यांचं पॅनकार्ड सापडत नव्हतं.
पुतळ्यांची माळ, अठरा पुतळ्या, एक चेपलेली.
पोस्टात दोन लाख दहा हजार.
सुक्या मासळीची उधारी, पाच घरांत अडकलेली.
तीही लिहिली तिने.
"आणि देणं?"
बोंबीलवालीचे साडेतीनशे.
"ते आजच देऊन टाका."

"याआधी कधी सही केलीत कुठे?"

केली होती.
गोठिवलीहून भाऊ गाडी घेऊन आला,
पुढच्या सीटवर बसवलं मला,
एवढा मान लग्नातही नव्हता.
रजिस्ट्रारकडे हक्कसोड,
येताना हॉटेलात मटण, घरी हिरवी साडी.
बापाची भातखाचरं, मिठागराकडचा बांध,
त्याच्या पैशांचं पुढे काय झालं
हे साडी नेसलेल्या बाईने विचारायचं नसतं.
सातवी शिकलेय मी. नंतर वाचला तो कागद.
राजीखुशीने, अक्कलहुशारीने,
कोणाच्याही दडपणाशिवाय.
साडी अजून आहे. रंग गेलाय.

तांडेल बाईने पेन खाली ठेवलं.
"हेच शब्द इथेही येतील, मावशी. चालतील?"
म्हटलं, शब्दांचा काय दोष.
या खेपेला खरे होतील एवढं बघ.

तीन खेपा झाल्या.
डॉक्टरने दाखल्यासाठी विचारलं, "आज वार कोणता?"
बुधवार. तुमचा दवाखाना बंद असतो,
माझ्यासाठी उघडलात.
तो हसला आणि शिक्का मारला.

साक्षीदार कोण? तर ज्यांना
माझ्याकडून काहीच मिळायचं नाही असे दोघे.
आणि माझ्याहून तरुण,
मागे उरतील असे.
मेडिकलवाला शंकरन आला, दुकान पोरावर टाकून.
फॉल-बिडिंगवाली रुक्साना आली,
बोटात अंगुस्तान तसंच.
हे असे दोन सापडायला
मला वकिलापेक्षा जास्त दिवस लागले.

दर्शनाचं नाव आलं तेव्हा बाईने विचारलं,
"माहेरचं लिहू की सासरचं?"
दोन्ही लिही. तिला कुणी
कुठल्याच दारातून परत पाठवू नये.

स्टॅम्पपेपर लागत नाही म्हणे याला.
कोऱ्या कागदावरही चालतं.
मला हसू आलं.
उगाच इतकी वर्षं वाटायचं,
आपल्याला बोलायला सरकारी कागद लागतो.

सही केली. गुलाब जनार्दन मढवी.
'ढ' जरा वाकडा आला.
बाई म्हणाली, राहू दे, तुमचाच आहे.

परतताना स्कूटरवर रोशन गप्प.
नेरूळ गेलं, सानपाडा गेलं,
कोपरखैरण्याच्या सिग्नलला
मागे न बघता म्हणाला,
"दर्शनाला किती?"

मी म्हटलं, मी गेल्यावर वाच.
आता सिग्नल बघ.
हिरवा झालाय.